दहाव्या डावाची खिडकी

वॉलनट बेंडच्या मैदानातली कबुतरं नाहीशी झाली, हे पहिल्यांदा ऑरिन लिंडक्विस्टच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या येणारही नव्हतं. बेसबॉल बघायला आलेला शहाणा माणूस कबुतरं कशाला बघेल? पण ऑरिनचं पोटच त्यावर चालायचं. गावच्या रेडिओवर तो पायलट्स संघाच्या सामन्यांचं वर्णन करायचा, आणि बेसबॉल हा असा खेळ आहे की दोन चेंडूंच्या मध्ये माणसाचं निम्मं आयुष्य निघून जातं. चेंडू टाकणारा पिचर टोपी सारखी करतो, बॅटर बुटाची माती झाडतो, बॅटरमागे झेलायला बसलेला कॅचर उगीचच उठून पिचरपाशी गप्पा छाटायला जातो. तेवढा वेळ माइकसमोर तोंड चालू ठेवावं लागतं. मग ऑरिन मक्याच्या पिकावर बोले, नदीच्या पाण्यावर बोले, पहिल्या रांगेतल्या बाईच्या टोपीवर बोले, आणि काहीच सुचेनासं झालं की कबुतरांवर.

कबुतरांचं बिऱ्हाड धावफलकात होतं. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, पिचरच्या बरोबर पाठीमागे, दुमजली घराएवढा लाकडी फलक उभा होता. आत माणूस बसायचा आणि एकेक डाव संपला की त्या त्या डावाच्या चौकोनी खिडकीत आकड्याची पाटी अडकवायचा. सामना नऊ डावांचा. पण बरोबरी झालीच तर हाताशी असावी म्हणून सुतारानं दहावी खिडकीही करून ठेवली होती. ती वर्षातून एखाद्या वेळी लागायची. एरवी तिच्यात कबुतरं घुमत बसायची आणि ऑरिन त्यांच्या संसाराच्या खबरा गावाला द्यायचा. बायका किराणा दुकानात त्याला अडवून विचारायच्या, "काय हो, पिल्लं उडाली का?"

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, कबुतरं गेली आणि संघ जिंकायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं ऑरिनलाही वाटलं नव्हतं. संघ जिंकत होता म्हणून गाव खूश होतं. मका डबाबंद करणाऱ्या कारखान्यातली पाळी सुटली की लोक घरी न जाता थेट मैदानात यायचे. खिशात मावणारे रेडिओ तेव्हा नुकतेच निघाले होते, आणि लोक ते सोबत घेऊन यायचे! समोर खेळ चाललेला डोळ्यांनी दिसत असायचा, पण ऑरिननं सांगितल्याशिवाय तो खरा धरायचा नाही, ही गावाची रीत. शेकडो रेडिओंतून ऑरिनचा आवाज मैदानात घुमायचा आणि किंचित उशिरानं परत त्याच्याच कानांवर यायचा. त्याची त्याला गंमत वाटायची, थोडा गर्वही वाटायचा.

लॉगन सिटीचा संघ आठवडाभर मुक्कामाला आला, त्या बुधवारी त्यांच्या पिचरची, व्हर्लिन टॅकेटची, पायलट्सनी पिसं काढली.

व्हर्लिन एके काळी याच गावाचा होता. केंटकीच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणीवरून आलेला लांबुडका पोरगा, चार उन्हाळे पायलट्सकडून खेळला आणि ते चारही उन्हाळे ऑरिनच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिला. ऑरिनच्या बायकोनं, मॅव्हिसनं, त्याला खाऊ घालून माणसात आणलं. त्याचा वळता चेंडू बघायला आसपासच्या गावांतले लोक यायचे. चेंडू बॅटरच्या छातीवर चालून यायचा, बॅटर घाबरून मागे व्हायचा, आणि चेंडू टेबलाच्या कडेवरून चमचा पडावा तसा गुडघ्याशी पडायचा. पुढे पायलट्सनी त्याला सोडला आणि लॉगन सिटीनं घेतला. आताशा तो इथं आला की वळता टाको नाहीतर सरळ टाको, पायलट्स त्याला झाडून काढायचे.

गुरुवारी सकाळी तो बाजारातल्या खानावळीत ऑरिनसमोर येऊन बसला. पुढ्यात रुबार्बचा 'पाय' होता, आंबटगोड सारण भरून भाजलेला, पण त्यानं काटासुद्धा उचलला नाही.

"मिस्टर ऑरिन, एक विचारू? खरं सांगाल?"

"अरे, खरं सांगण्याचाच तर पगार मिळतो मला. बोल."

"माझ्या अंगातून काही फुटतंय का? म्हणजे वळता टाकायच्या आधी मी काही करतो का? कोपर बाहेर जातं, जीभ निघते, काहीतरी? तुम्ही मला वरून इतकी वर्षं बघताय. माझ्या आईनं बघितलं नसेल तेवढं."

"तसं का वाटलं तुला?"

"बाकीच्या गावांत मी अजून माणसं गुडघ्यावर आणतो हो. इथं आलो की ते असे उभे राहतात, जसं मी आदल्या दिवशी तार करून कळवलंय." व्हर्लिननं उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला. "आमचा मॅनेजर म्हणाला, रविवारी परत तूच टाकणार. जमलं तर ठीक, नाहीतर घरचं बसचं तिकीट. खाणीत जायला माझी ना नाही. बाप गेला, भाऊ गेला, मीही जाईन. पण हात संपला म्हणून गेलो, की दुसऱ्या कशानं, एवढं तरी कळू दे मला. नाहीतर खाली अंधारात जन्मभर तेच उगाळत बसेन."

ऑरिननं काटा उचलून त्याच्या हातात दिला. "मी बघतो," तो म्हणाला. "तू आधी पुढ्यातलं खा. मॅव्हिसला कळलं तू उपाशी बसलास तर माझी धडगत नाही."

आता ऑरिनला कुणी "बघ" म्हटलं की तो बघतच सुटायचा. लहानपणी त्यानं घड्याळ उघडलं होतं, कोंबडी अंडं घालते तेव्हा खाली वाकून बसला होता, आणि शेजारच्या पाद्रीबाबाचे दात खरे की खोटे याचा छडा लावताना मार खाल्ला होता. सगळ्या गावाच्या मते त्याचं नाक त्याच्या तोंडापेक्षा लांब होतं. गुरुवारच्या सामन्यात व्हर्लिन खेळतच नव्हता, लॉगन सिटीचा दुसराच पिचर होता. तरी पायलट्सनी त्यालाही तसाच धुतला. म्हणजे एकट्या व्हर्लिनच्या कोपराचं दुखणं नव्हे हे, ऑरिनच्या मनात आलं. त्यानं पिचरवरची नजर काढली आणि बॅटरवर लावली.

ऑरिनची वर्णनाची खोली घरच्या बेसमागच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या छपरावर होती, त्यामुळे बॅटरची त्याला पाठच दिसायची. पण पाठही बोलते. पायलट्सचा रोली कास्टन बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिला. कॅचरनं मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला कोणता चेंडू ते सांगितलं. आणि पिचरनं हात मागे न्यायच्या आत रोलीची मान किंचित वर झाली, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले बघतो ना माणूस, तशी. मग पुढचा आला, त्याचीही मान वर झाली. त्याच्या पुढचा आला, तोही तसाच. पिचरच्या डोक्यावरून हे सगळे काय वाचताहेत? ऑरिननं माइकवर बोलता बोलता त्यांच्या नजरेची रेघ पुढे ओढली आणि ती थेट धावफलकावर गेली. दहाव्या डावाची खिडकी. तिला आतून फळी लागली होती. ती फळी उघडली. पिचरनं वळता टाकला.

"आणि... हा रोलीचा फटका!" ऑरिन ओरडला. पण त्याला फटक्यापेक्षा फळीचंच जास्त पडलं होतं.

शुक्रवारी सकाळी सराव चालू असताना तो कुंपणाच्या कडेकडेनं धावफलकापाशी गेला. मागच्या बाजूला शिडी होती. कुणी विचारलं तर कबुतरं बघायला आलो म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. आत उकाडा, धूळ, आकड्यांच्या पाट्यांची चळत. दहाव्या खिडकीपाशी गस प्रिबिल उपड्या बादलीवर बसला होता. गस पायलट्सचाच पिचर. खांदा दुखावल्यापासून तो फलकावर बसायला लागला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्यापुढे पलंगाच्या लोखंडी पायावर तारेनं घट्ट बांधलेली, शिकारी बंदुकीवर लावतात तसली दुर्बीण होती, हे मात्र गावाला माहीत नव्हतं.

गस दचकला, दुर्बिणीवर कोट टाकायला गेला, आणि मग त्याचे खांदे पडले. "मेलो," तो म्हणाला. "तूच येणार होतास. मी हब मॅनेजरला म्हणालो होतो, दुसरं कुणी नाही तरी ते रेडिओचं नाक येणार."

"कबुतरं कुठंयत?"

"आँ?"

"कबुतरं, लेका. इथं राहायची."

"ती होय? आठवडाभर परत परत येत होती बिचारी. फळी सारखी हलायची ना. कंटाळून गेली." गसनं इकडेतिकडे बघितलं. पकडला गेल्याच्या भीतीपेक्षा, इतके दिवस एकट्यानं सांभाळलेली गंमत कुणाला तरी दाखवायची खाज त्याला जास्त असावी. "आता आलाच आहेस तर बघ तरी. बघ, बघ!"

ऑरिननं डोळा लावला आणि त्याच्या तोंडून शीळच निघाली. एवढ्या लांबून कॅचरची बोटं ताटात वाढल्यासारखी समोर. पिचरला नीट दिसावीत म्हणून कॅचर लोक नखांना लाल रंग लावतात; त्या रंगाचा उडालेला टवकासुद्धा दिसत होता. दुर्बीण जरा वर केली तर छपरावर त्याची स्वतःची रिकामी खुर्ची, टेबलावर कान तुटलेला कॉफीचा मग. रोज आपल्याला इथून असं कुणीतरी बघत होतं!

"दोन बोटं, म्हणजे वळता. मी फळी उघडतो," गस शिकवू लागला. "एक बोट, सरळ. फळी बंद. बस्स. पोरगंही करील. तरी हात तयार व्हावा लागतो हां, उशीर झाला की पंचाईत."

"झकास आहे," ऑरिन म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. खरंच झकास होतं ते. घड्याळ उघडल्यावर वाटलं होतं तसंच वाटत होतं त्याला. "गस, तू स्वतः पिचर आहेस. व्हर्लिन तुझ्या शेजारच्या कपाटात कपडे ठेवायचा."

गसनं पाटीवरची धूळ बोटानं पुसली. "खांदा बरा होईस्तोवर पगार हवा तर डोळे वापर, म्हणाला हब. मी काय करू?"

हब ड्रॅगू हा पायलट्सचा मॅनेजर. मान नाही, आवाज मोठा, आणि मनानं वाईट म्हणावा असा मुळीच नव्हे. ऑरिन त्याच्या खोलीत शिरला तेव्हा तो मोजे घालत होता. सगळं ऐकून तो हसलाच.

"एवढंच ना? मला वाटलं कुणी मेलंबिलं. अरे बाबा, हा खेळच चोरांचा. रोलीनं परवा पिचरची नजर चुकवून पुढचा बेस चोरला तेव्हा माइकवर नाचला कोण? तूच ना? पुढच्या महिन्यात बेसचोरीचं बक्षीस आहे, तेही तूच देणार आहेस. आमचा गडी दुसऱ्या बेसवर उभा राहून कॅचरची बोटं वाचतो तेव्हा 'काय तल्लख पोरगा' म्हणून आरती ओवाळतोस. ती पण चोरीच."

"ती डोळ्यांनी करतो तो. मैदानात उभा राहून. समोरच्याला दिसत असतो. त्याला खुणा बदलता येतात."

"आणि गस काय कानांनी बघतो?"

"मध्ये काच आहे, हब. आणि तो लपलेला आहे."

"काच नको असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? दाखव. मी आत्ता दुर्बीण नदीत टाकतो." हबनं दुसरा मोजा हातात घेतला. ऑरिनला पुस्तक दाखवता येईना, कारण त्या काळी तसं कुठं लिहिलेलंच नव्हतं. लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं की चोरायचं ते मैदानात, आपल्या पायांनी आणि आपल्या डोळ्यांनी. "आणि तू कोण रे मोठा लागून गेलास? आम्ही परगावी खेळतो तेव्हा तू इथं खोलीत बसून तारेवर आलेले चार शब्द वाचतोस, लाकडावर पेन्सिल आपटतोस आणि 'हा बसला फटका' म्हणून बोंबलतोस. सगळं गाव टाळ्या वाजवतं. ती फसवणूक नाही? चोराच्या उलट्या बोंबा!"

"मी सुरुवातीलाच सांगतो. तारेवरून सांगतोय, आवाज माझे आहेत, हे सांगतो."

"सांगतोस. मोठा हरिश्चंद्र!" हब बूट चढवून उभा राहिला आणि त्यानं ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज खाली आला. "हे बघ. किती वर्षांनी गाव असं हसतंय. तू माइकवर आरोप केलास, तर मी नाही म्हणेन, रात्रीत फळीला खिळे ठोकेन, आणि लोक माझंच ऐकतील. व्हर्लिनच्या कानात सांगितलंस, तर तो तक्रार करील आणि सगळे म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. त्याचं भलं तर होणार नाहीच. झाकली मूठ राहू दे."

ऑरिनला राग आला तो हब बरोबर बोलत होता याचा. व्हर्लिनला कळायला हवं होतं, आणि नुसतं कानात सांगून ते कळणार नव्हतं. ऐकीव गोष्टीवर माणूस किती दिवस विश्वास ठेवील? खाली अंधारात गेल्यावर तो परत म्हणणारच, की मिस्टर ऑरिननं माझं मन राखायला सांगितलं.

घरी मॅव्हिसनं कणसं उकडली होती. तिनं त्याला अर्धं कणीस तसंच टाकताना बघितलं आणि सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेतली. 

"त्या पोराला मी चार उन्हाळे जेवायला घातलंय," ती म्हणाली. "म्हणून मी काही सांगायला गेले तर तो पक्षपात होईल. पण तू मला एक सांग. फळी नसती, तर बुधवारी कोण जिंकलं असतं?"

"मला काय माहीत?"

"मग तेच तर गेलं ना सगळ्यांचं! मी मैदानात येते ती मला माहीत नसतं म्हणून येते. माहीत असलेलंच बघायचं तर मी घरी भांडी घासत नाही का बसणार?" तिनं त्याच्या पुढ्यातलं कणीस उचललं. "खाणार नसशील तर दे इकडे."

रविवारी मैदान दुपारच्या उन्हात फुलून गेलं होतं. व्हर्लिन पिचरच्या उंचवट्यावर येऊन उभा राहिला तेव्हा जुन्या ओळखीनं थोड्या टाळ्या पडल्या, आणि मग पहिल्याच डावात त्याला मार बसायला लागला. दोन धावा गेल्या. ऑरिन वर्णन करत होता, त्याचं तोंड आपलं चाललं होतं, आणि डोळे फळीवर होते. उघडली, वळता, फटका. मिटली, सरळ, फटका. दुसऱ्या डावात एक गडी बेसवर गेला. व्हर्लिननं चेंडू हातात घोळवला आणि एकदाच मान वर करून ऑरिनच्या खोलीकडे बघितलं. बघायचं कबूल केलं होतंत ना, काय दिसलं? एवढंच होतं त्या बघण्यात.

ऑरिननं माइक जवळ ओढला. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि काही सुचलं नाही की तो ज्यावर बोलायचा त्यावरच तो बोलला.

"लोकहो, तुम्ही कबुतरांची चौकशी करत होतात. ती कुठं गेली ते मला कळलंय. दहाव्या डावाच्या खिडकीला हल्ली फळी लावलीय, आणि ती हलते, म्हणून कबुतरं गेली. आता मी फक्त मला दिसतंय ते सांगतो. फळी उघडली. म्हणजे वळता येणार."

वळता आला. बॅटरनं तो कुंपणाच्या बाजूला ढकलला आणि तो रेषेबाहेर फुकट गेला.

"फळी मिटली. सरळ येणार."

सरळ आला.

"उघडली. वळता."

शेकडो रेडिओ एका सुरात 'वळता' म्हणाले आणि मग व्हर्लिनच्या हातून चेंडू सुटला. तो वळलाही. स्टँडमध्ये आधी कुणीतरी हसलं, जादूचा खेळ बघून हसतात तसं. मग माना वर व्हायला लागल्या, पिचरच्या डोक्यावरून, धावफलकाकडे. हब पायऱ्यांवर येऊन उभा राहिला, त्याचा चेहरा बिटासारखा लाल. पंचांनी मुखवटा काढला आणि ते कान देऊन ऐकू लागले. ऑरिननं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, चोरीचा शब्द काढला नव्हता. आरोप केला असता तर नाकारता आला असता. पण पुढचा चेंडू आधीच सगळ्यांना कळत असल्यावर नाकारायचं काय? त्याला हबचं बोलणं आठवलं आणि त्याही स्थितीत थोडंसं हसू आलं. सांगतोस, म्हणाला होता ना? हे घे, सांगितलं.

खोलीतला फोन खणखणला. यंत्रावर बसणाऱ्या लॉईडनं तो उचलला आणि फोन हातानं झाकून म्हणाला, "रेडिओचे मालक आहेत. म्हणतात, आजचा तुझा शेवटचा सामना."

"मग हा तरी पुरा करू दे म्हणावं."

आणि मग खाली रेडिओ बंद व्हायला लागले. पहिला बंद केला तो कारखान्यातल्या ड्वेन स्ट्रोबलनं, ऑरिनच्या अगदी खालच्या रांगेतून, उभं राहून, सगळ्यांना दिसेल असा. "गद्दारा!" तो वर बघून ओरडला. "कुणाचं मीठ खातोस?" त्याच्या शेजारच्यानं बंद केला. त्याच्या पलीकडच्यानं केला. ऑरिनला मैदानातून परत येणारा आपला आवाज बारीक बारीक होताना ऐकू येत होता. इतकी वर्षं त्यानं तो आवाज किती गृहीत धरला होता! त्याला भीती वाटली, फार एकटं वाटलं. शेवटी त्याचा आवाज त्या खोलीतच राहिला. माइक चालू होता म्हणून तो बोलत राहिला.

मधल्या उंचवट्यावर व्हर्लिननं कॅचरला बोलावलं होतं. दोघं हातमोजे तोंडापुढे धरून बोलले. कॅचर मान हलवून नाही नाही म्हणत होता, आणि त्याचं बरोबरच होतं; काय येणार ते माहीत नसताना असला चेंडू झेलणं म्हणजे आपली बोटं आपण होऊन मोडून घेणं. मग तो गप्प झाला, त्यानं व्हर्लिनच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि परत जागेवर येऊन बसला. बसला तो हात मांडीमागे लपवून. एकही बोट दाखवलं नाही.

बॅटवर रोली कास्टन होता. सवयीनं त्याची मान वर गेली. खिडकीतली फळी उघडली, मिटली, अर्धवट उघडून तशीच लटकली. आत गस पार गोंधळला असावा. रोलीनं मान खाली केली, पायाखालची माती उगाच सारखी केली, आणि त्या मोसमात पहिल्यांदाच तो नीट पिचरकडे बघू लागला.

"आता काय येणार ते मला ठाऊक नाही," ऑरिन कुणी ऐकत नसलेल्या माइकमध्ये म्हणाला. "गसला ठाऊक नाही, रोलीला नाही, झेलणाऱ्यालासुद्धा नाही. एकट्या व्हर्लिनला ठाऊक आहे."

मैदान चिडीचूप झालं होतं. इतकी माणसं आणि कुणाला काहीही माहीत नाही. ऑरिन खुर्चीच्या काठावर येऊन बसला. त्याची नोकरी गेली होती, गाव गेलं होतं, आणि तरी त्या क्षणी त्याला पुढचा चेंडू बघायचा होता, बस्स, दुसरं काही नको होतं.

पहिला रोलीच्या छातीवर चालून आला. रोली मागे झाला, आणि चेंडू पडला. स्ट्राइक. असे तीन भरले की बॅटर बाद. दुसरा सरळ आला की काय, रोलीनं तो कसाबसा बॅटच्या कडेनं बाहेर घालवला, तोही स्ट्राइकच. तिसऱ्याला व्हर्लिननं फार वेळ घेतला. मग हात फिरला, चेंडू निघाला, रोलीनं सगळ्या अंगानिशी बॅट फिरवली, आणि बॅट हवेतून पार पलीकडे गेली. रोली एका गुडघ्यावर बसला. कॅचरनं चेंडू जमिनीशी छातीनं अडवला आणि हात झटकत का होईना, वर करून दाखवला.

व्हर्लिन ओरडला नाही, नाचला नाही. त्यानं उजवा हात समोर धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग तो तोंडावरून फिरवला, आणि तोंड बराच वेळ हातातच धरून ठेवलं. ऑरिनला पुढचं वर्णन करता येईना. त्याचे डोळे भरून आले होते आणि लॉईडसमोर ते पुसायलाही त्याला काही वाटलं नाही.

खालच्या रांगेत ड्वेन स्ट्रोबल उभाच होता. तो शेजाऱ्याला काहीतरी विचारत होता, शेजारी खांदे उडवत होता. ड्वेननं एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा हातातल्या मुक्या रेडिओकडे, आणि मग चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवून वर बघितलं.

"ए ऑरिन! शेवटचा काय होता रे? वळता की सरळ?"

ऑरिननं माइकवर हात ठेवला आणि खिडकीतून खाली वाकला.

"रेडिओ लाव, मग सांगतो."

ड्वेननं त्याला एक कचकचीत शिवी हासडली आणि रेडिओ लावला.